दर शुक्रवारी सकाळी लॉगिन आत का घेत नाही: क्लिनिकमधल्या सिंगल साइन-ऑनची परत परत येणारी दुखणी

"ताई, परत आत घेत नाहीये."

दर शुक्रवारी नऊच्या सुमारास रिसेप्शनवरून मला हा फोन यायचा. कोथरूडमध्ये आमचं पाच डॉक्टरांचं पॉलिक्लिनिक आहे, त्याची सगळी व्यवस्था मी बघते. केसपेपरचं सॉफ्टवेअर, अपॉइंटमेंट, बिलिंग आणि ईमेल या सगळ्यांना मिळून एकच लॉगिन असावं म्हणून आम्ही सिंगल साइन-ऑन घेतलं. आठवडाभर ते छान चालायचं. शुक्रवार उजाडला की अडायचं. पासवर्ड बरोबर, फोनवरचा सहा आकडी कोड बरोबर, पान क्षणभर पांढरं व्हायचं आणि परत लॉगिनच्याच पानावर. पुन्हा बटण दाबलं की पासवर्डसुद्धा न विचारता तसंच गरगर फिरून जिथल्या तिथे. बाहेर बाकांवर पंधरा-वीस पेशंट बसलेले, आणि दुपारनंतर आपोआप सगळं सुरळीत. सॉफ्टवेअरवाल्यांचा माणूस तीनदा येऊन गेला. तिन्ही वेळा तो दुपारी आला, त्यामुळे तिन्ही वेळा त्याला काहीच सापडलं नाही.

हे नीट लिहून ठेवायचं कारण वेगळं आहे. लॉगिन अडलं की पेशंट थांबत नाहीत, म्हणून माणसं पळवाट काढतात. आमच्याकडे पळवाट होती सॉफ्टवेअरच्या जुन्या "ॲडमिन" खात्याची. त्याचा पासवर्ड सगळ्यांना पाठ. शुक्रवारी सकाळी पाचही डॉक्टर त्याच खात्यातून नोंदी करायचे. मग एके दिवशी एका आजींच्या मुलीचा फोन आला, की आईची थायरॉइडची गोळी ५० वरून ७५ कोणी केली आणि का? केसपेपर उघडला, तर नोंदीखाली नाव "ॲडमिन". पाचही डॉक्टरांना विचारलं, कुणालाच खात्रीने आठवेना. कागदाचा केसपेपर होता तेव्हा हा प्रश्न कधी पडला नाही, कारण अक्षर बघून कोणी लिहिलंय ते कळायचं. कॉम्प्युटरवर लॉगिन हेच डॉक्टरचं अक्षर आहे. ते पुसलं गेलं तर नोंद राहते, पण तिला मालक राहत नाही. त्या दिवसापासून मी हा शुक्रवारचा घोळ मुळापासून शोधायचा ठरवला.

लॉगिनचं पान गरगर फिरतं, म्हणजे नेमकं काय होतं

सिंगल साइन-ऑनमध्ये दोन बाजू असतात. एक ओळख पटवणारी सेवा, जी पासवर्ड आणि कोड तपासते. दुसरं आपलं सॉफ्टवेअर, जे स्वतः पासवर्ड बघतच नाही; पहिलीने सही करून दिलेली चिठ्ठी बघून आत घेतं. बऱ्याच ठिकाणी ही चिठ्ठी एसएएमएल २.० या २००५ सालच्या पद्धतीने बनते, नव्या सॉफ्टवेअरमध्ये ओपनआयडी कनेक्टने. पद्धत कुठलीही असो, चिठ्ठीवर वेळ लिहिलेली असते: अमुक वेळेआधी चालणार नाही, तमुक वेळेनंतर चालणार नाही. ही मुदत बहुतेक वेळा काही मिनिटांचीच ठेवतात, म्हणजे कुणी चिठ्ठी चोरली तरी ती लगेच शिळी होते.

आता सॉफ्टवेअर ज्या कॉम्प्युटरवर आहे त्याचं घड्याळ दहा मिनिटं पुढे असेल तर? चिठ्ठी ताजी असते, पण त्या घड्याळाच्या हिशोबाने ती आधीच संपलेली. सॉफ्टवेअर ती नाकारतं आणि माणसाला ओळख पटवायला परत पाठवतं. तिकडे ओळख पटलेलीच असते, म्हणून ती सेवा काही न विचारता नवी चिठ्ठी देते. ती पुन्हा नाकारली जाते. पान गरगर फिरतं ते असं. डोमेन लावलेल्या, म्हणजे सगळे कॉम्प्युटर एकाच मध्यवर्ती सर्व्हरखाली असलेल्या मोठ्या हॉस्पिटलमध्ये विंडोजचं लॉगिन कर्बेरॉस नावाच्या पद्धतीवर चालतं, आणि तिथे साधारणपणे फक्त ५ मिनिटांचा फरक चालवून घेतात.

तपासणी सुरू करायची जागा म्हणजे ओळख पटवणाऱ्या सेवेचा लॉग, म्हणजे कोण केव्हा आत आलं याची आपोआप होणारी नोंद. तिथे त्या मिनिटाला "यशस्वी" लिहिलेलं असेल आणि माणूस तरीही बाहेर असेल, तर पासवर्ड बदलत बसू नका. दोष दुसऱ्या बाजूला आहे: घड्याळ, चिठ्ठीवरच्या सहीचं प्रमाणपत्र किंवा खात्याची जोडणी, या तिघांपैकी एक. आम्ही हा लॉग उघडायच्या आधी दोन महिने डॉक्टरांचे पासवर्ड बदलत होतो.

आणि शुक्रवारच का

पुण्यात राहणाऱ्याला गुरुवार सांगायला नको. देखभालीसाठी वीज बंद व्हायची ती गुरुवारी, पाणी बंद तेही बहुधा गुरुवारीच. आमचं क्लिनिक गुरुवारी बंद असतं ते त्यासाठीच.

केसपेपरचं सॉफ्टवेअर एका डेस्कटॉपवर आहे. सर्व्हर म्हणतो त्याला, पण आहे तो जुना डेस्कटॉप, ऑटोक्लेव्हच्या खोलीत फळीवर ठेवलेला. कॉम्प्युटर बंद असतानाही त्याचं घड्याळ चालू राहतं, ते मदरबोर्डवरच्या बटणासारख्या गोल सेलवर, सीआर २०३२. हा सेल काही वर्षांनी संपतो. पण तो संपला हे लगेच कळत नाही, कारण मागचं बटण चालू असलं तर बंद कॉम्प्युटरलाही थोडी वीज मिळत राहते आणि घड्याळ त्यावर चालतं. आमचा यूपीएस वीस मिनिटं टिकतो. एरवीच्या छोट्या खंडात ते पुरतं. गुरुवारी चार-पाच तास वीज गेली की यूपीएस संपतो, सेल मेलेला, आणि घड्याळ कित्येक वर्षं मागच्या तारखेवर जातं.

शुक्रवारी सकाळी क्लिनिक उघडतात आमचे काका. वीस वर्षं तेच उघडतात. कॉम्प्युटर सुरू केला की काळ्या पडद्यावर तारीख चुकल्याचा संदेश यायचा. काका तारीख घालायचे आणि वेटिंग रूमच्या भिंतीवरच्या घड्याळात बघून वेळ घालायचे. त्यांनी मनापासून मदतच केली होती. फक्त ते भिंतीवरचं घड्याळ आम्ही मुद्दाम दहा मिनिटं पुढे ठेवलेलं, ओपीडी वेळेवर सुरू व्हावी म्हणून. दुपारनंतर केव्हातरी विंडोज इंटरनेटवरून वेळ जुळवून घ्यायचं आणि रोग नाहीसा व्हायचा.

मला हे कळलं ते एका शुक्रवारी स्वतः आठ वाजता जाऊन काकांच्या शेजारी उभी राहिले तेव्हा. लांबून फोनवर हे कधीच कळलं नसतं.

तुमच्याकडे असं होत असेल तर आधी मोबाइल आणि तो कॉम्प्युटर शेजारी ठेवून सेकंदासकट वेळ ताडून बघा. मोबाइलची वेळ नेटवर्कवरून येते, त्यामुळे तिच्यावर भरवसा ठेवता येतो. मग टाइम झोन बघा, आणि हे विसरू नका. विंडोज नव्याने टाकलं की कधी कधी झोन अमेरिकेतला राहतो आणि कुणीतरी काटे हाताने फिरवून आपली वेळ दाखवतं. घड्याळ दिसायला बरोबर दिसतं, पण आतला हिशोब साडेबारा-साडेतेरा तासांनी चुकलेला असतो. चिठ्ठी त्या आतल्या हिशोबावर तपासली जाते. झोन भारताचाच हवा, अधिक साडेपाच तास.

वेळ दुरुस्त करताना एक अडचण येते. तफावत फार मोठी असेल, डोमेनमध्ये नसलेल्या कॉम्प्युटरला साधारण १५ तासांहून जास्त, तर विंडोज ती आपणहून सुधारत नाही. "सिंक नाऊ" दाबलं तरी नाकारतं. म्हणून आधी मोबाइल बघून हाताने तारीख-वेळ जवळपास आणायची, मग सेटिंग्जमधल्या तारीख आणि वेळ या पानावर "सिंक नाऊ" दाबायचं. ते झाल्याशिवाय कुणालाही लॉगिन करायला सांगायचं नाही. वेळ कुठून घ्यायची याचंही उत्तर आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत घड्याळं एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळलेली ठेवायला सांगितलं आहे. त्याच निर्देशांत लॉग १८० दिवस ठेवणं आणि सायबर घटना ६ तासांत कळवणं हेही आहे. आपला लॉग किती दिवस टिकतो ते पुरवठादाराला विचारा. आमचा तीस दिवसांनी पुसला जात होता.

आणि सेल बदला. पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तपकीर गल्लीत, शंभर रुपयांच्या आत मिळतो. मागची वायर काढून, कॅबिनेट उघडून सेल बदलायला दहा मिनिटं लागली. दोन महिन्यांच्या मनस्तापाचं मूळ तेवढंच होतं. जुना सेल मी काकांच्या हातात दिला, आणि ही चूक तुमची नव्हती हे सगळ्यांसमोर सांगितलं.

भलत्याच डॉक्टरांच्या नावाने आत जाणं

शुक्रवार मिटला, आणि त्याहून गंभीर गोष्ट नजरेस आली. प्रोसीजर रूममधला कॉम्प्युटर तिघं वापरतात. एक डॉक्टर "लॉगआउट" करून गेले, दुसऱ्या मॅडमनी येऊन "लॉगिन" दाबलं, काही न विचारता आत गेल्या आणि ड्रेसिंगची नोंद केली. नोंद पडली आधीच्या सरांच्या नावावर. वर कोपऱ्यात नाव बारीक अक्षरात असतं, घाईत कोण बघतं.

कारण पुन्हा त्या दोन बाजूंमध्येच आहे. सॉफ्टवेअरमधून लॉगआउट केलं म्हणजे फक्त सॉफ्टवेअर बंद झालं. ओळख पटवणाऱ्या सेवेकडे आधीचं सत्र, म्हणजे आधीच्या माणसाचं लॉगिन, चालूच असतं, आणि ती पुढच्या माणसाला आधीच्याच नावाची चिठ्ठी देते. तुमच्याकडे हे होतं का ते एका मिनिटात कळेल: स्वतः लॉगआउट करा, तोच ब्राउझर न मिटता लॉगिन दाबा. पासवर्ड न विचारता आत घेतलं, तर अनेकजण वापरतात त्या प्रत्येक कॉम्प्युटरवर हा धोका आहे.

पुरवठादाराला सांगून लॉगआउटच्या बटणाने दोन्ही बाजूंची सत्रं संपतील असं करून घेता येतं. ही सोय पद्धतीतच आहे, फक्त पुष्कळदा जोडलेली नसते. आमच्याकडे ती जोडायला तीन आठवडे गेले. तोवर आम्ही त्या कॉम्प्युटरवर ब्राउझरच्या खासगी (इनकॉग्निटो) विंडोतच काम केलं, कारण खासगी विंडो सगळ्या मिटल्या की सत्रही जातं. "या कॉम्प्युटरवर साइन इन राहायचं का" या प्रश्नाला तिथे कायम "नाही". आणि सॉफ्टवेअरवाल्यांकडून आणखी एक गोष्ट आग्रहाने करून घेतली. प्रिस्क्रिप्शन सेव्ह करायच्या बटणाशेजारीच आता मोठ्या अक्षरात डॉक्टरांचं नाव दिसतं. माझ्या मते या सगळ्या खटपटीत सर्वांत उपयोगी पडलेला बदल तोच. ज्यांचं बजेट मोठं आहे त्यांनी कार्ड टेकवून आत जायची किंवा यूएसबी सिक्युरिटी कीची सोय जरूर बघावी. वॉर्डात तिची किंमत वसूल होते.

आता वेळेच्या मर्यादा. आमच्या डॉक्टरांची तक्रार होती की पेशंट तपासून खुर्चीवर येईपर्यंत लॉगिन गेलेलं असतं. म्हणून कुणीतरी पुरवठादाराला सांगून निष्क्रिय राहण्याची मर्यादा बारा तासांवर नेली. मग संध्याकाळी बरोबर सातला, ओपीडी भरलेली असताना, सगळ्यांना एकदम बाहेर काढायला लागलं. सत्राला दोन मर्यादा असतात: हात न लावता किती वेळ, आणि एकूण किती वेळ. कीक्लोक या ओळख पटवणाऱ्या मुक्त स्रोत सॉफ्टवेअरमध्ये त्या मुळात ३० मिनिटं आणि १० तास अशा असतात. सकाळी नऊला आत गेलेल्या माणसाचे दहा तास संध्याकाळी सातला भरतात. आपल्याकडे सकाळी नऊ ते एक आणि संध्याकाळी पाच ते नऊ अशी ओपीडी असते, म्हणून उपाय सोपा आहे. डॉक्टरांनी दुपारी जाताना लॉगआउट करायचं आणि पाचला नव्याने आत यायचं. मर्यादाही जागेप्रमाणे वेगळ्या हव्यात. केबिनला दार आहे, तिथे अर्धा तास चालतो. रिसेप्शनचा पडदा पेशंटच्या नजरेसमोर असतो, तिथे पाच-सात मिनिटांत पडदा लॉक झाला पाहिजे. एकच आकडा सगळीकडे लावला की कुणीतरी पासवर्ड चिठ्ठीवर लिहून मॉनिटरला चिकटवणारच.

दोन कुलकर्णी

आमच्याकडच्या एक डॉक्टर कुलकर्णी दुसऱ्या शहरात गेल्या. काही महिन्यांनी दुसरे कुलकर्णी आले, आडनाव आणि आद्याक्षर तेच. रिकामा झालेला ईमेल आम्ही त्यांना दिला. पहिल्याच दिवशी ते आत गेले तर आधीच्या मॅडमचे पेशंट, त्यांच्या नोंदी, त्यांची नोंदणी क्रमांकासकटची डिजिटल सही असलेला प्रिस्क्रिप्शनचा साचा, सगळं समोर. सॉफ्टवेअर माणूस ओळखत होतं ते ईमेलवरून.

ओळख पटवणारी सेवा प्रत्येक खात्याला न बदलणारा एक क्रमांक देते. सॉफ्टवेअरने जोडणी त्या क्रमांकाशी करायची असते. ओपनआयडी कनेक्टच्या नियमांतही ईमेलवर विसंबू नका असंच आहे. याच दोषाचं दुसरं रूप म्हणजे लग्नानंतर किंवा इतर कारणाने ईमेल बदलला आणि डॉक्टरांना कोरं खातं दिसलं, "माझे सगळे पेशंट गेले" म्हणून धावाधाव. पेशंट कुठेही गेलेले नसतात, जोडणी तुटलेली असते. घाईने नवं खातं भरायला घेऊ नका, नाहीतर एकाच डॉक्टरच्या नोंदी दोन ठिकाणी होतील. आणि सोडून गेलेल्याचा ईमेल दुसऱ्याला कधीही देऊ नका.

सोडून जाणाऱ्या माणसाचं खातं त्याच संध्याकाळी बंद करता येतं हा एकच लॉगिनचा मोठा फायदा. पण लॅबचं पोर्टल, विमा कंपन्यांची पोर्टलं यांचे पासवर्ड त्यात येत नाहीत. ते एका वहीत असतात आणि माणसाबरोबर बाहेर जातात. त्यांची वेगळी यादी करून ते हाताने बदलायला लागतात.

फोन, प्रमाणपत्र आणि पाकीट

आठवड्यातून दोनदा येणारे कन्सल्टंट फोन बदलतात आणि कोड देणारं ॲप जुन्या फोनबरोबर जातं. प्रत्येक डॉक्टरचे बॅकअप कोड छापून घेतले, ज्याचे त्याने बंद पाकिटात ठेवले. तळमजल्याखालच्या एक्स-रे खोलीत रेंज नाही म्हणून एसएमएस येत नाही. ॲपमधला कोड दर ३० सेकंदांनी फोनमध्येच बनतो, त्याला नेटवर्क लागत नाही. तोही चुकत असेल तर फोनची वेळ "स्वयंचलित" वर आहे का ते बघा. पुन्हा घड्याळच.

एके दिवशी सगळ्यांचं, सगळीकडचं लॉगिन एकदम बंद पडलं आणि घड्याळ बरोबर आहे, तर चिठ्ठीवर सही करणाऱ्या प्रमाणपत्राची मुदत बघा. मायक्रोसॉफ्टच्या सेवेत ती मुळात तीन वर्षांची असते. तीन वर्षांनी ते कुणाच्याच लक्षात नसतं. मुदत संपायच्या दोन महिने आधीची आठवण दोन माणसांच्या कॅलेंडरमध्ये हवी, एकाच्या नाही.

आणि "ॲडमिन" खातं. ते आम्ही काढून टाकलं नाही. इंटरनेट गेलं किंवा ओळख पटवणारी सेवाच बंद पडली तर पेशंटची ॲलर्जी बघायला काहीतरी वाट हवीच. त्याचा लांबलचक नवा पासवर्ड कागदावर लिहून लाखेने बंद केलेल्या पाकिटात, मोठ्या डॉक्टरांच्या कुलूपबंद खणात ठेवला आहे. पाकीट फोडणाऱ्याने रजिस्टरमध्ये वेळ, कारण आणि सही करायची. त्या वेळात झालेल्या नोंदी डॉक्टरांनी त्याच दिवशी स्वतःच्या लॉगिनने उघडायच्या आणि खाली आपली टीप जोडायची. मूळ नोंद पुसायची नाही. मग पाकिटात नवा पासवर्ड जातो. आतापर्यंत पाकीट दोनदा फुटलं, दोन्ही वेळा रस्त्याच्या खोदकामात केबल तुटल्यामुळे. दुसऱ्या वेळी एका नोंदीखाली टीप राहिली होती. रात्री साडेनऊला त्या डॉक्टरांना फोन केला, आणि त्या गाडी वळवून परत आल्या.